भांगेचा दुसरा गिलास

माझा नवरा वीज खात्यात लाईनमन आहे आणि मी उपकेंद्राची नर्स. वैनगंगेकाठच्या मार्कंडा देवस्थानापासून मोटरसायकलनं अर्ध्या तासावरच्या एका गावात आम्ही अकरा वर्षं भाड्याच्या घरात राहिलो. शेजारी एक निवृत्त गुरुजी राहायचे. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनीच अक्षरं गिरवायला लावली होती, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. आम्हीही म्हणू लागलो.

गुरुजी शंकराचे भक्त. महाशिवरात्रीला पहाटेच वैनगंगेत आंघोळ करून मार्कंड्याचं दर्शन घेत, दहाच्या आत घरी परतत आणि अंगणातल्या पाट्यावर भांग वाटायला बसत. वर्षातून हा एकच दिवस. पाला त्यांचे साडू नागपूरकडून आणून देत. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि भांगेलाही खरं तर परवाना लागतो. पण शिवरात्रीचा प्रसाद म्हटल्यावर कोणी चौकशी करत नसे, आणि मी सरकारी नोकरीत असूनही तिकडे बघत नसे, हे कबूल करते. आदल्या दिवशी भिजवलेला पाला ते तीन-चार पाण्यांनी धुवायचे. मिरे, बडीशेप, खसखस, मगजबी घालून तासभर वाटायचे आणि दुधाच्या मोठ्या गंजात फडक्यातून गाळायचे. गल्लीतली दहा-बारा माणसं येत, एकेक गिलास घेत आणि दुपारभर ओट्यावर बसून कशालाही हसत. संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन झोपत. आठ वर्षं एवढंच झालं.

आम्ही बौद्ध. आमच्या घरी शिवरात्रीचा उपास नसतो. संध्याकाळच्या वंदनेत नशा न करण्याच्या पाचव्या शीलापाशी आले की मी मुद्दाम आवाज चढवायची आणि नवरा हसायचा.

"मी काई दारू पेतो का? गुरुजी बोलावते, त्याईचा मान राखतो. सालातून एक गिलास."

त्यावर मी फार ताणलं नाही. गुरुजींनी आमच्या मुलीला, ती शिकायला वसतिगृहात जाण्याआधी, चौथीपर्यंत रोज संध्याकाळी गणित शिकवलं होतं. आम्ही कोण, काय, हे त्या घरात कधी कोणी विचारलं नव्हतं. त्या ओट्यावर माझा नवरा सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो, याचं मलाही मनातून बरं वाटायचं.

नवव्या वर्षी मात्र एक गोष्ट वेगळी होती. तीन महिन्यांपूर्वी नवऱ्याचं बीपी वाढलेलं निघालं होतं आणि रोज सकाळी एक गोळी सुरू झाली होती. ती गोळी मीच त्याच्या हातावर ठेवायची. त्या दिवशीही ठेवली. पण गोळी आणि भांग एकाच पोटात जाणार आहेत, हा विचार माझ्या मनात आला नाही. शिवरात्रीपासून भरणाऱ्या मार्कंड्याच्या जत्रेतल्या आरोग्य पथकावर माझी ड्युटी दुसऱ्या दिवसापासून होती, म्हणून मी घरीच होते आणि आठवड्याचे कपडे धुवायला काढले होते.

नवरा बारा वाजता पोटभर जेवला. वांग्याची भाजी, वरण, भात. साडेबाराला गुरुजींकडे जाऊन त्यानं पहिला गिलास घेतला. बाकी बहुतेकांना उपास होता. त्यांना पाऊण तासात चढली. हसण्याचे आवाज माझ्या न्हाणीपर्यंत येत होते. दोनच्या सुमारास नवरा फाटकाशी आला.

"गुरुजीची भांग या साली पानचट निघाली. सारे हासून राह्यले, अन् मले काईच नाई."

"बरं झालं मग," मी चादर पिळत म्हटलं.

"गंजात उरली आहे थोडी. घेतो अजून एक गिलास."

मी अडवलं नाही आणि तो परत गुरुजींकडे गेला. मला त्यात धोका दिसलाच नाही. कुठल्याही औषधाचा डोस लागू पडला नाही म्हणून रोग्यानं आपल्या मनानं दुसरा घेतला, तर मी त्याला रागावते. ते रोजचं काम आहे माझं. पण भांग माझ्या डोक्यात औषधांच्या कप्प्यात नव्हती. ती सणाच्या कप्प्यात होती.

अडीचला नवऱ्याचा फोन वाजला. जवळच्या गावात डीपीवरचा जंपर, म्हणजे जोडतार, तुटून वीज गेली होती आणि ड्युटीवरचा माणूस जत्रेच्या लाईनवर अडकला होता. नवऱ्याची सुट्टी होती, पण तो कोणालाही नाही म्हणत नाही.

"पाच मिनटाचं काम आहे," असं म्हणत तो आत आला, खुंटीवरचा पट्टा काढला आणि कमरेला बांधायला लागला. पोलवर चढताना बांधायचा तो जाड पट्टा, हूक आणि कडीचा. वीस वर्षं तो पट्टा त्यानं न बघता बांधलेला आहे. त्या दिवशी हूक कडीत जाईना. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा त्यानं हूक कडीच्या शेजारून नेला आणि स्वतःशीच हसला. मी वळून बघितलं. डोळे लाल झाले होते आणि ओठ तो सारखे जिभेनं ओले करत होता.

"कुठी चालले?"

"डीपीवर. सांगतलं न तुले."

"तुमी नाई जाऊन राह्यले."

"काऊन? मले काय झालं?"

मी टेबलावरची मोटरसायकलची किल्ली उचलली आणि ओच्यात खोचली. भांडण झालं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि तो माझ्यावर इतक्या मोठ्यानं कधी ओरडला नव्हता. लोक अंधारात आहेत, असं ओरडला. दुपारचे अडीच वाजले होते. मी त्याच्याच फोनवरून त्याच्या साहेबांना सांगितलं की तब्येत बिघडली आहे, दुसऱ्या कोणाला पाठवा. साहेबांनी काही विचारलं नाही. मी फोन ठेवला तेव्हा नवरा पट्टा हातात घेऊन खाटेवर बसला होता आणि त्याचा राग कुठे गेला, हे त्यालाही समजत नव्हतं.

पंधरा-वीस मिनिटांनी तो म्हणाला, "अवं, माझं हृदय पाह्य."

नाडी एकशे चौतीस होती. मी पुन्हा मोजली, तेवढीच भरली. हात गार पडले होते, तोंड कोरडं. मी पाणी दिलं. त्यानं दोन घोट घेतले आणि विचारलं, "किती वाजले?" मी सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. पाच मिनिटांत त्यानं मला सात-आठ वेळा वेळ विचारली आणि दर वेळी त्याला वाटत होतं की मधे तास गेला आहे.

"मी मरून राह्यलो. पोरीले फोन लाव."

"तुमी मरत नाई."

"तुले काय माहीत?"

खरंच, मला काय माहीत होतं? साप चावल्यावर काय करायचं, मला माहीत होतं. कीटकनाशक पोटात गेलं तर, माहीत होतं. भांगेविषयी माझ्या प्रशिक्षणात एखादी ओळ असेलही, मला आठवत नव्हती.

ओरडणं ऐकून गल्लीतल्या बायका आल्या. एकीनं लिंबू आणलं, दुसरीनं चिंचेचं पाणी, तिसरी वाटीभर तूप घेऊन उभी. "पाजा बाई, उतरते लवकर." मी कोणाला काही पाजू दिलं नाही. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात जबरदस्तीनं काही ओतलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं, एवढं मला नक्की माहीत होतं. गुरुजीही आले. तेही प्यालेले होते. भिंतीला धरून उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बाई, माझ्या हातानं झालं हे."

मला त्यांचा राग आला होता, तरी मी त्यांना बसायला खुर्ची दिली.

तेवढ्यात नवरा लघवीला म्हणून उठला. मी धरायच्या आत दोन पावलं गेला आणि चौकटीपाशी कोसळला. कपाळाला खरचटलं. आडवं करून बीपी घेतलं तर वरचं नव्वद. तीन महिने ज्याचं बीपी कमी करायची मी गोळी देत होते, त्याचं बीपी आता असं खाली उतरलं होतं. मी त्याचे पाय उशीवर ठेवले, त्याला कुशीवर वळवलं आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

ग्रामीण रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आधी नाडी-बीपी पाहिलं, छातीची ईसीजीची पट्टी काढायला लावली आणि मग मला विचारलं, "काय घेतलं, किती घेतलं, किती वाजता?"

काय आणि किती वाजता, हे मी सांगितलं. बीपीची गोळीही सांगितली.

"किती?"

"दोन गिलास."

"दोन गिलासांत भांग किती होती?"

रोज मिलिग्रॅम आणि मिलीलिटरमध्ये बोलणारी मी, आणि माझ्या नवऱ्याच्या पोटात काय आणि किती आहे, हे मला सांगता येत नव्हतं. वाटणाऱ्यालाही ते सांगता आलं नसतं.

तिनं मला बाजूला घेऊन समजावलं. ओढलेला गांजा मिनिटांत कळतो, पण खाल्लेली-प्यालेली भांग पोटातून, मग यकृतातून जाते. उपाशी पोटी अर्ध्या-पाऊण तासात, भरल्या पोटी दीड-दोन तासही लागतात. म्हणून माणसाला वाटतं, लागलीच नाही, आणि तो आणखी घेतो. मग दोन्ही डोस एकावर एक येतात. "यांचा दुसरा गिलास अजून पूर्ण चढलेला नाही," ती म्हणाली. "अजून तास-दोन तास वाढेल. मग उतरेल. याच्यावर उतारा नाही. सलाईन लावू, लक्ष ठेवू, त्यांना घाबरू देऊ नका."

मी नवऱ्याजवळ गेले आणि तिनं सांगितलं तेच त्याला सांगितलं. तुम्ही मरत नाही, असं म्हणायचं सोडून दिलं. म्हटलं, "हे अजून वाढणार आहे. सहा वाजेपर्यंत वाढन. मंग कमी होत जाईन. मी इथीच बसून आहो."

आश्चर्य म्हणजे त्यानंच तो शांत झाला. वाढणार आहे हे कळल्यावर वाढल्याची भीती गेली असावी. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडून राहिला. मधून मधून विचारायचा, "अजून वाढाचं हाय का?" मी म्हणायची, "हाय थोडं."

त्या बाकावर बसल्या बसल्या मला मागच्या वर्षीची एक बाई आठवली. जत्रेतल्या आमच्या पथकावर आली होती. पन्नाशीची असेल, नागभीडकडची. छाती धडधडते, तोंड सुकतं, पायाखालची जमीन हलते, म्हणत होती. दिवसभराचा निर्जळी उपास, वर ऊन. मी नाडी बघितली, ओआरएसचं पाकीट दिलं, सावलीत बसा म्हटलं आणि पुढच्या माणसाकडे वळले. तिच्यासोबतची सून काहीतरी सांगायला बघत होती. मी ऐकून घेतलं नाही. थोड्या वेळानं दोघी गर्दीत निघून गेल्या. तिनं काय घेतलं होतं, कोणती गोळी तिला रोजची सुरू होती, पुढे ती पडली की सुखरूप घरी पोचली, यातलं काहीच मला माहीत नाही. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दिवेलागणीला नवऱ्याची नाडी शंभराच्या खाली आली. त्यानं भूक लागली म्हणून सांगितलं. एक दिवस ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं. डॉक्टरीण म्हणाली, आजचा दिवस गाडी नाही, पोलही नाही. घरी येऊन तो दुपारपर्यंत झोपला. मी माझी ड्युटी एक दिवस पुढे ढकलली.

संध्याकाळी गुरुजी आले. फाटकाबाहेरच उभे होते. मी बोलावलं तेव्हा आत आले. नवऱ्याचा हात हातात घेऊन बसले. नंतर मी त्यांना विचारलं, रागानं नाही, खरंच जाणून घ्यायला, की तुम्ही माप कसं घेता?

"माणशी बोराएवढा गोळा," ते म्हणाले. बोटांनी दाखवलं. "हाताले कळते बाई. चाळीस साल झाले."

"मंग या साली काय झालं?"

ते सांगू लागले. साडू आजारी होते, म्हणून पाला दुसऱ्या माणसाकडून आला होता. हिरवागार होता आणि त्यात नुसती पानं नव्हती, शेंड्याची बोंडंही होती. वाटताना वासच उग्र आला. तरी हातानं नेहमीचंच माप घेतलं.

"अन् दुसरी गोष्ट," ते म्हणाले. "गंजात खाली साका बसते. वरचे गिलास हलके राह्यते, खालचा कडक. मले हे माहीत होतं. म्हनून तं खालचा गिलास मी सोताच पेत होतो, दरसाल. कोनाले देत नव्हतो. औंदा पाव्हने आले, मी गोष्टीत बसलो. याईनं हातानं काढून घेतला, मले दिसलंच नाई."

आठ वर्षं आम्हाला काही झालं नव्हतं, त्याचं कारण हे होतं. एक माणूस न बोलता गंजाचा तळ स्वतः पीत होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणू शकले असते. पण त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, जसं मला विचारण्यासारखं वाटलं नव्हतं. मी त्यांना चहा दिला. बीपीच्या गोळीचं मी त्यांना आधी सांगायला हवं होतं, हेही मी कबूल केलं. ते म्हणाले, "मले तुमी सांगतलं असतं तं मी याईले थेंब नसता देला." तेव्हा मात्र मला रडू आलं.

मग मी जत्रेच्या ड्युटीवर गेले. जत्रा अजून भरलेली होती. त्या वर्षापासून मी पथकावर आलेल्या प्रत्येक धडधडणाऱ्या, गरगरणाऱ्या माणसाला विचारते: काय पेलं, किती वाजता, उपाशी होते का, रोजची गोळी कोणती? लोक आधी लाजतात. मी सांगते की मी पोलीस नाही, मला फक्त वेळ सांगा. मग सांगतात. बहुतेकांची गोष्ट तीच असते. एक घेतली, लागली नाही, दुसरी घेतली. काहींनी वरून चोरून आणलेली दारू घेतलेली असते. त्यांच्यावर मी जास्त लक्ष ठेवते, कारण दोन्ही मिळून माणूस ओकतो आणि गुंगीत त्याला ते कळत नाही. छाती दुखत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा पोटुशी बाई असेल, तर तिथे थांबवत नाही, रुग्णालयात पाठवते.

पुढच्या शिवरात्रीला गुरुजींनी भांग करायचीच नाही असं ठरवलं होतं. गल्लीतल्या लोकांनी हट्ट धरला. तेव्हा ते माझ्याकडे वही घेऊन आले, जशी कधी काळी आमची मुलगी त्यांच्याकडे घेऊन जायची.

"सांगा बाई, कसं करू?"

मी म्हटलं, मला भांग वाटता येत नाही आणि वाटा असं मी सांगणारही नाही. पण कोणी प्यालाच तर तो पडू नये, यासाठी जे मला कळलं ते सांगते. आम्ही दोघांनी बसून ठरवलं. ठंडाई सगळ्यांसाठी साधी करायची. भांग त्यात मिसळायचीच नाही. वेगळ्या गोळ्या करायच्या, म्हणजे गंजाचा तळ हा प्रकारच उरत नाही. गोळी बोराएवढी नाही, त्याच्या पाव हिश्श्याएवढी, कारण गोळी मोजता येते पण पाल्याची ताकद कोणालाच मोजता येत नाही. एक घेतल्यावर दुसरी त्या दिवशी नाही, लागो न लागो. उपाशी पोटी नाही; आधी साबुदाणा, केळी, काहीतरी. बीपीची, हृदयाची, झोपेची गोळी चालू असलेल्याला, डोक्याचा आजार झालेल्याला, पोटुशी आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला अजिबात नाही. उरलेलं पोरांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. आणि ज्यानं घेतली त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

गुरुजींनी हे सगळं आपल्या वळणदार अक्षरात लिहून घेतलं. त्या दिवशी अर्ध्या लोकांनी नुसती ठंडाईच घेतली. दोघं-तिघं कुरकुरले की औंदा मजा नाही आली. गुरुजी त्यांना म्हणाले, "नाई आली तं नाई आली."

नवऱ्यानं त्यानंतर कधी घेतली नाही. ओट्यावर मात्र बसायचा. त्याच्याशी त्या दुपारबद्दल मी फारशी बोलले नाही. त्याला लाज वाटते हे मला कळायचं. नंतर आमची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला बोलता बोलता सांगितलं की जत्रेच्या आधीच्या मीटिंगमध्ये माझा नवरा, जो चार माणसांत तोंड उघडत नाही, उभा राहिला होता. म्हणाला होता की शिवरात्रीला जो कोणी घेणार असेल त्यानं आधीच नाव सांगावं, त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत पोलवर पाठवू नका; आणि पुढे म्हणाला होता, "मले हूक लावता येत नव्हता, बायकोनं किल्ली घेतली म्हनून मी आज बोलून राह्यलो." कोणी हसलं नाही म्हणे. सहा जणांनी नावं दिली.

मी घरी येऊन त्याला विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

तो ट्रंकेत भांडी भरत होता. "तुले माहीत होतं न सारं," म्हणाला, आणि कुकरचं झाकण कुठे ठेवलं ते शोधायला लागला.